तिसरी पिन

आपल्या होस्टेलवर रात्री साडेअकरानंतर एक आवाज असतो. पंख्यांचा नाही, कुत्र्यांचा नाही आणि शेजारच्या खोलीतल्या कुंभकर्णाचाही नाही. कुणाची तरी गाणी संपलेली असतात, गडी झोपलेला असतो, स्पीकर मात्र चालूच राहिलेला असतो. आणि त्यातून येत असतं एक बारीक, न थांबणारं ‘घूंऽऽऽ’. यालाच आपण हमिंग म्हणतो.

या हमिंगवर आपल्याकडे परंपरेने चालत आलेले उपाय आहेत. पहिला, वायर हलवणे. दुसरा, जॅक गोल फिरवणे. तिसरा, स्पीकरला टपली मारणे. आणि हे सगळं करून थकलं की चौथा रामबाण उपाय, कुणीतरी सीनियर सांगतो : “अबे, अर्थिंगची पिन काढून टाक ना!” पिन निघते, हमिंग जातं, सीनियरचा भाव वाढतो. विश्वास नसेल तर आपल्या विंगमध्ये सहज एक चक्कर मारा आणि तिन्ही पिना शाबूत असलेले प्लग शोधून दाखवा.

हा लेख त्या चौथ्या उपायाच्या विरोधात आहे. आणि तो लिहायचा मला अधिकार आहे, कारण हा उपाय मी स्वतः केलेला आहे. घरी. ढाणकीला.

ज्यांना ढाणकी माहीत नाही (म्हणजे जवळजवळ सगळ्यांना!) त्यांच्यासाठी : जिल्हा यवतमाळ, तालुका उमरखेड. जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाला. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, म्हणजे मराठवाडा. त्यामुळे आम्ही ‘काहून’ही म्हणतो आणि ‘कामून’ही. जमीन मात्र काळी. या काळ्या मातीचा आपल्या विषयाशी चांगलाच संबंध आहे, तो पुढे येईल.

तर आमच्या घरी एक अँप्लिफायर आहे. कंपनीचा नव्हे. लोखंडी पत्र्याच्या डब्यात असेंबल केलेला, ‘चव्वेचाळीस चाळीस’चा. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी सोल्डरिंगच्या धुराने डोळे चोळलेत, त्यांना हे नाव सांगायची गरज नाही. एलए ४४४० ही सान्योची आयसी, मूळची गाडीतल्या टेपसाठी. स्टिरिओमध्ये सहा-सहा वॉट, ब्रिज केली तर एकोणीस. एवढ्या एका आयसीवर महाराष्ट्रातल्या किती पोरांनी इलेक्ट्रॉनिक्स शिकलं असेल! बाबांनी हा डबा माझ्या जन्माच्या आधी नांदेडहून आणला. बाबांचं शिलाईचं दुकान आहे आणि ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. रात्री दुकान बंद केलं, जेवण झालं, की समोरच्या खोलीत तासभर कॅसेट ऐकायची हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या तासात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

मी फर्स्ट इयरच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा कॅसेटी घासून घासून मरायला टेकल्या होत्या. मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. कॉम्प्युटर होता मागच्या नव्या खोलीत, अँप्लिफायर समोरच्या जुन्या खोलीत. मधून आठ मीटर केबल टाकली, जोडली, बटण दाबलं... आणि गाण्याच्या आधी घूंऽऽऽ आलं. साधंसुधं नाही, तंबोरा लावल्यासारखं!

बाबा एक मिनिट ऐकत राहिले आणि म्हणाले, “हे पांढरी पाचच्या जरासं वर बोलून रायलं.”

मी तेव्हा हसलो. नंतर हिशोब केला तेव्हा हसू पळालं. पेटीतली खालची पांढरी पाच ९८ हर्ट्झची असते. आपल्या विजेची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ, तिची दुप्पट १००. बाबांनी मल्टीमीटरशिवाय मोजमाप केलं होतं! (अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथलं हमिंग वेगळ्या सुरात असतं. जपानात तर अर्ध्या देशात ५० आणि अर्ध्यात ६०.) हा सूर ग्रिडबरोबर क्षणाक्षणाला अगदी किंचित वर-खाली होत असतो. तो बदल नोंदवून ठेवला तर एखादं रेकॉर्डिंग नेमकं कधीचं आहे, मधूनच कापून जोडलंय का, हे शोधता येतं. लंडनच्या पोलिसांच्या प्रयोगशाळेत अशा नोंदी ठेवल्या गेल्या आहेत. म्हणजे ज्याला आपण कचरा समजतो त्यात माहिती भरलेली असते. हे मला त्या दिवाळीत कळलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवाळीत मी काय केलं? आधी नांदेडला जाऊन नऊशे रुपयांची ‘गोल्ड प्लेटेड’ केबल आणली. घूं जसंच्या तसं. (सोन्याचा मुलामा गंज टाळतो. लूपमधून वाहणाऱ्या करंटला सोनं काय आणि जस्त काय! ते नऊशे रुपये मी अजून विसरलेलो नाही.) मग एक गोष्ट लक्षात आली. नव्या खोलीतला पंखा चालू केला की घूं वाढतं, बंद केला की जवळजवळ नाहीसं होतं. मी रुबाबात ताईला सांगितलं, “पंख्याचं इंटरफिअरन्स आहे.” नाव दिलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, हा आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांचा जुना रोग आहे. मी तिथेच थांबलो.

शेवटी फोनवर एका सीनियरने चौथा उपाय सांगितला. अँप्लिफायरचा प्लग चांगला जाड, मोल्डेड होता, तो कापायला जीव धजेना. म्हणून मी समोरच्या खोलीतला बोर्डच उघडला, सॉकेटला आलेली हिरवी वायर सोडवली, तिच्या टोकाला नीट टेप गुंडाळली आणि बोर्ड बंद केला. घूं गायब! बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मला सेमिस्टरच्या रिझल्टनंतरही कधी दिसलं नव्हतं. शेजारच्या काकांना बोलावून ऐकवलं. “पोरगा इंजिनिअर होऊन रायला,” असं त्यांना दोनदा सांगितलं.

आता पुढचं सांगण्याआधी, ते घूं का येत होतं आणि का गेलं, हे थोडं बघू. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी पान उलटू नये, गणित सोपं आहे.

आपल्या घरगुती ऑडिओ केबलमध्ये दोन वाटा असतात : मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी, म्हणजे शील्ड. सिग्नल मधल्या तारेने जातो आणि जाळीने परत येतो. पण जाळी दोन्ही टोकांना यंत्रांच्या पत्र्याला जोडलेली असते, आणि पत्रा तिसऱ्या पिनेतून अर्थिंगला. म्हणजे कॉम्प्युटरची अर्थिंग आणि अँप्लिफायरची अर्थिंग यांना जोडणारा एक रस्ता आपण केबल लावून तयार केला. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. दोन्ही अर्थिंग एकाच पातळीवर असतील तर काही बिघडत नाही. पण त्यांच्यात दोन-तीन व्होल्टचा फरक असेल तर करंट त्या जाळीतून वाहणार. आणि जाळीतून करंट वाहिला की तिच्या रेझिस्टन्सवर जे व्होल्टेज पडतं, ते अँप्लिफायरला सिग्नलच वाटतं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत की हे गाणं आहे की महावितरण!

घरगुती यंत्रांच्या सिग्नलची नेहमीची पातळी साधारण ०.३ व्होल्ट, म्हणजे ३१६ मिलिव्होल्ट. स्वस्त, लांब केबलच्या जाळीचा रेझिस्टन्स धरा ०.३ ओहम. तिच्यातून ०.१५ अँपिअर गेला तर ४५ मिलिव्होल्ट. म्हणजे गाण्याच्या फक्त १७ डेसिबल खाली घूं. चांगल्या सिस्टीममध्ये ते निदान ऐंशी-नव्वद डेसिबल खाली असायला हवं.

पण ०.१५ अँपिअर? अर्थिंगमध्ये? अर्थिंगच्या वायरमधून एरवी करंट वाहायलाच नको. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधले फिल्टरचे कपॅसिटर थोडा करंट पत्र्याकडे सोडतात हे खरं (अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात त्या यामुळेच), पण तो एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी. इथे त्याच्या दीडशेपट, आणि तोही पंखा चालू केल्यावर. हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. हिरवी वायर सोडवली, लूप तुटलं, करंट थांबला, घूं गेलं, आणि विषय संपला.

पुढच्या मे महिन्यात आमची परीक्षा चालू होती. ढाणकीच्या मे महिन्याबद्दल मी विदर्भातल्या मंडळींना काय सांगू! दरवर्षीप्रमाणे बाबांनी माळ्यावरून कूलर काढला. पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा. समोरच्या खोलीच्या खिडकीत ठेवला. अँप्लिफायरचा प्लग काढला आणि त्याच सॉकेटमध्ये कूलरचा लावला.

एका दुपारी आई कूलरमध्ये पाणी टाकत होती. पंपाच्या वायरला कुठेतरी चीर गेली होती. बादली एका हातात, दुसरा हात कूलरच्या पत्र्यावर, आणि फरशीवर सांडलेलं पाणी. करंट बसला. हात सुटेना. आवाजही निघेना. ताई आतल्या खोलीत होती, तिला फक्त बादली पडल्याचा आवाज आला. ती पळत आली आणि, हे तिचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही, आईला हात न लावता तिने आधी बोर्डावरचं बटण बंद केलं. आईच्या पायात रबरी चप्पल होती. तळहातावर दोन काळे डाग पडले आणि तो हात पुढे कितीतरी दिवस जड राहिला.

मला कुणी सांगितलं नाही. पेपर चालू होते ना! मी जूनमध्ये घरी गेलो तेव्हा आईच्या तळहाताकडे लक्ष गेलं. “काही नाही रे, कूलरचा करंट लागला थोडासा,” ती म्हणाली. बाबा गप्प होते. संध्याकाळी त्यांनी मला समोरच्या खोलीत नेलं आणि बोर्डाकडे बोट दाखवलं. फिटिंगवाल्या काकांनी कूलरच्या दुरुस्तीच्या वेळी तो उघडला होता. आत टेप गुंडाळलेली हिरवी वायर तशीच होती. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “फिटिंगवाला विचारत होता, हे एवढ्या सफाईनं कोणं केलं म्हणून.”

यावर काय उत्तर देणार? मी दिलं नाही.

आता कुणी म्हणेल, एक वायर सोडली म्हणून एवढं! जोडलेली असती तर काही झालंच नसतं, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि हे मला त्यानंतरच्या सुट्टीत वाचून, मोजून कळलं. हे आपल्या पुस्तकात असूनही आपण वाचत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात वीत-वीत भेगा पडतात हे सगळ्यांनी पाहिलंय. तीच भेग अर्थिंगच्या सळईभोवतीही पडते. ओली काळी माती वीज चांगली वाहते, पण कोरड्या मातीने सळई सोडून दिली की रेझिस्टन्स कितीतरी पट वाढतो. म्हणजे जेव्हा घरोघर कूलर लागतात, हात ओले असतात, नेमकं तेव्हाच अर्थिंग वर्षातली सगळ्यात कमजोर! जुनी माणसं अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून उन्हाळ्यात वरून पाणी ओतायची, ते उगाच नव्हतं. अर्थिंगसाठी आपल्याकडे आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे (१९८७ ची आवृत्ती बरीच वर्षं चालली, २०१८ मध्ये नवी आली), त्यातही मातीचा ओलावा टिकवण्याला महत्त्व दिलेलं आहे.

आणि समजा, सळईचा रेझिस्टन्स २० ओहम आहे. फेजची वायर पत्र्याला टेकली तर करंट जाईल २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरचा एमसीबी त्यावर पडणारच नाही! कूलर चालू, पत्रा ‘गरम’, आणि आपण निश्चिंत. म्हणून अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी लागतो. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करतो आणि घरासाठी जो घेतात तो ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की वीज तोडतो. अर्थिंग जोडलेली असेल तर पत्र्यात वीज आल्याबरोबर, माणसाने हात लावण्याआधीच तोडतो. अर्थिंग नसेल तर माणूस चिकटल्यावर तोडतो. दोन्हींत माणूस वाचण्याची शक्यता चांगली, पण पहिल्यात त्याला चटकाच बसत नाही. दीड-दोन हजारांत येतो. माझ्या सोनेरी केबलच्या दुप्पट किंमत धरा.

आम्ही तो बसवला. आणि खरी गोष्ट इथे सुरू होते.

आरसीसीबी बसवला, सगळ्या हिरव्या वायरी जागच्या जागी जोडल्या, मेन चालू केला. सगळं ठीक. ताईने नव्या खोलीतला पंखा लावला. खट्! मेन पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा पंखा, पुन्हा खट्. फिटिंगवाले काका म्हणाले, “हा आरसीसीबीच खराब निघाला.” पण पंखा बंद ठेवला की तो छान टिकत होता. मला दिवाळी आठवली. पंखा चालू केला की घूं वाढायचं...

नव्या खोलीचा स्विचबोर्ड उघडला. पंख्याची न्यूट्रल हिरव्या वायरला जोडलेली होती! खोली बांधताना भिंतीतल्या पाइपमधून त्या बोर्डाची न्यूट्रल ओढायची राहिली असणार, किंवा ओढताना तुटली असणार. ज्याने कुणी काम केलं त्याने शॉर्टकट मारला आणि अर्थिंगच न्यूट्रल म्हणून वापरली. पंखा फिरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. (“हे माझं काम नाही बाप्पा,” असं काका लगेच म्हणाले. फिटिंग कुणाचंही असो, हे वाक्य ठरलेलं.) पंख्याचा ०.३ अँपिअर करंट अर्थिंगच्या सळईतून जमिनीत जात होता. मी केबल टाकली तेव्हा त्याला दुसरा रस्ता मिळाला, आणि त्यातला साधारण निम्मा माझ्या जाळीतून, अँप्लिफायरच्या पत्र्यातून, समोरच्या खोलीच्या अर्थिंगकडे वाहू लागला. तेच ते ०.१५ अँपिअर. तेच घूं.

नुसत्या घूंवर भागलं हे नशीब. त्या सळईची वायर एखाद्या दिवशी गंजून तुटली असती, तर पंखा लावल्याबरोबर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर २३० व्होल्ट आले असते. आणि त्या कॉम्प्युटरवर मी सुट्टीभर अनवाणी बसून गेम खेळत होतो.

म्हणजे दिवाळीत ते घूं आम्हाला ओरडून सांगत होतं की घराच्या वायरिंगमध्ये घोटाळा आहे. पंख्याकडे बोट दाखवून सांगत होतं! आणि मी, इंजिनिअर होऊ घातलेला माणूस, त्याचं तोंड बंद केलं. आणि ते बंद करायला नेमकी ती वायर वापरली जी आईला वाचवू शकली असती.

माझं मत एवढंच आहे. हमिंग ही तक्रार आहे, ती ऐकून घ्या. पिन तोडणं म्हणजे धूर झाला म्हणून धोक्याच्या घंटेची वायर कापणं.

मग हमिंग घालवायचं कसं? घालवता येतं, आणि चांगलं घालवता येतं. आधी स्पीकरला येणारी ऑडिओ केबल काढा. तरीही घूं आहे? मग दोष त्या डब्याच्याच आत आहे. बहुतेक वेळा फिल्टरचा कपॅसिटर म्हातारा झालेला असतो. गणित करून बघा : एक अँपिअर लोड, २२०० मायक्रोफॅरड, दोन शिखरांमधला वेळ १० मिलिसेकंद, म्हणजे साडेचार व्होल्टची लाट! १०,००० टाकला तर एक व्होल्टच्या आत. हा सूर १०० हर्ट्झचा असतो. केबल काढल्यावर घूं गेलं, तर दोष लूपचा किंवा केबलचा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. त्याने गेलं तर लूप किंवा चार्जरची गळती नक्की. मग दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर घ्या. आपल्या खोल्यांमधले निम्मे प्रश्न इथेच संपतात. ऑडिओची केबल पॉवरच्या वायरीला चिकटवून, एकत्र गुंडाळून नेऊ नका, आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. उरलेली केबल गोल गुंडाळी करून स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरवर ठेवणारे थोर लोक मी पाहिले आहेत!

एवढं करूनही राहिलं तर ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, सिग्नल चुंबकीय मार्गाने जातो, जाळीचा रस्ता तुटतो. लूप केबलमध्ये तोडा, प्लगमध्ये नाही, हा सगळा फरक आहे. काहीशे रुपयांत येतो. अगदी स्वस्तातला खर्जाचा आवाज थोडा खातो, पण ते चालवून घ्या. ऑप्टिकल केबल किंवा ब्लूटूथ वापरलं तर दोन यंत्रांत तारच नाही, म्हणून त्या वाटेने लूपही नाही. आणि फोन स्पीकरजवळ ठेवल्यावर येणारं ते ‘टर्रर्र टक टक’ हे मुळात हमिंग नव्हेच. टूजीवर फोन सेकंदाला २१७ वेळा तुटक तुटक बोलतो, त्याची ती लय. फोन हातभर लांब ठेवा, एवढाच उपाय.

स्टेजवरची गोष्ट वेगळी, तिथे केबल लांब असतात. त्यावरचा उपाय शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. ग्रॅहॅम बेलने १८८१ सालीच दोन तारांना पीळ घालून टेलिफोनचा गोंगाट मारण्याचं पेटंट घेतलं. दोन्ही तारांवर गोंगाट सारखाच बसतो, पलीकडे वजाबाकी केली की तो जातो आणि बोलणं उरतं. एक्सएलआरच्या तीन पिनांमागे हेच तत्त्व आहे. आपल्या गॅदरिंगला माईक एक्सएलआरवर आणि लॅपटॉप मात्र कुणाच्या तरी कानातल्या हेडफोनच्या वायरीने जोडलेला असतो, मग घूं येतं, मग कुणीतरी धावत जाऊन गिटारच्या अँपला टू-पिनचं कन्व्हर्टर लावतो. त्या भावाला मी एकच नाव सांगेन : लेस्ली हार्वे. ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे, प्रेक्षकांसमोर, अर्थिंग नीट नसलेल्या माईकला त्याचा हात लागला आणि तो गेला. सत्तावीस वर्षांचा होता. एका हातात गिटारच्या तारा, दुसऱ्या हातात माईक, मधे छाती. आपल्या स्टेजवर गाताना ओठांना मुंग्या आल्याचं ज्या-ज्या मंडळींनी हसत सांगितलंय, त्यांनी हे वाक्य परत वाचावं.

प्लगची तिसरी पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते, हा व्हायव्हाचा लाडका प्रश्न. उत्तर आपल्याला पाठ आहे : लांब असल्यामुळे ती सगळ्यात आधी आत जाते आणि सगळ्यात शेवटी बाहेर येते, म्हणजे वीज येण्याआधी संरक्षण तयार असतं, आणि जाड असल्यामुळे ती चुकून फेजच्या भोकात जात नाही. हे उत्तर देऊन मार्क घ्यायचे आणि खोलीवर येऊन तीच पिन पक्कडीने पिरगाळायची, असा आपला कारभार आहे.

आता दोन शब्द आदरणीय स्टाफसाठी, राग मानू नये. आपल्याकडे इलेक्ट्रिकलच्या मुलांना अर्थ टेस्टरवर अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजायचं प्रॅक्टिकल असतं. ते दरवर्षी लॅबच्या मागे, त्याच जागी होतं. खुंट्या ठोकून ठोकून तिथे आता कायमची भोकं पडली आहेत. रीडिंग्ज काय येणार ते ढगातून पडावं तसं जर्नलमध्ये आधीच उतरलेलं असतं, कारण सीनियरच्या जर्नलमध्येही तेच असतं. माझी विनंती आहे की हे प्रॅक्टिकल होस्टेलच्या अर्थिंगच्या खड्ड्यांवर घ्यावं. एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा एप्रिलच्या शेवटी, माती तडकलेली असताना. आकडे मेसच्या नोटीस बोर्डावर मेन्यूशेजारी लावावेत. मुलांना खरं रीडिंग मिळेल, रेक्टरसरांना खऱ्या खड्ड्याची अवस्था कळेल, आणि माझ्यासारखे लोक जर्नल उतरवू शकणार नाहीत, एवढाच काय तो तोटा. प्रत्येक विंगच्या मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे की नाही, आणि असला तर त्यावरचं ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण शेवटचं कधी दाबलं होतं, हेही त्याच बोर्डावर यावं. लोखंडी पलंग, पाणी तापवायची कॉइल, ओले टॉवेल आणि एकाच सॉकेटवर लटकलेले चार मल्टिप्लग, आपल्या खोल्यांचं हे वर्णन स्टाफला माहीत नाही असं थोडंच आहे!

ढाणकीला आता सगळं दुरुस्त आहे. पंख्याला त्याची न्यूट्रल मिळाली. दोन्ही खोल्यांच्या अर्थिंग जाड वायरने एकमेकींना जोडल्या. तेवढ्यानेच घूं इतकं कमी झालं की केबलमध्ये आयसोलेटर टाकायची गरज जेमतेमच होती. टाकला तरी. मे महिन्यात खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय. कूलरमध्ये पाणी टाकण्याआधी ती प्लग काढून हातात घेऊनच बघते, बटणावर तिचा विश्वास राहिलेला नाही.

अँप्लिफायरमधून मात्र अजून अगदी हलकंसं घूं येतं, रात्री सगळं शांत झालं की ऐकू येतं. ते त्याच्या स्वतःच्या कपॅसिटरचं आहे. मी नवा बसवून देतो म्हटलं तर बाबा म्हणाले, “राहू दे, पेटीला सूर मिळते.”

ज्यांच्या खोलीत हमिंग आहे त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावं. माझ्याजवळ दोन आयसोलेटर, एक टेस्टर आणि एक मल्टीमीटर आहे. आयसोलेटर आठ दिवसांत परत आणून द्यावा. आणि येताना प्लग घेऊन यावा, तिसऱ्या पिनेसकट. ज्यांची पिन आधीच तुटली असेल त्यांना नवा प्लग बसवून मिळेल, पन्नास रुपये आणि एक चहा.